मत्सराला तीन माणसं लागतात

१ जुलै, मंगळवार

आजपासून रोजनिशी. वीस वर्षं अकरावी-बारावीला मानसशास्त्र शिकवतो. ‘भावना’ या प्रकरणात दरवर्षी मुलांना सांगतो की रोज काय वाटलं ते लिहून ठेवत जा. मुलं लिहीत नाहीत. मीही कधी लिहिलं नाही, पण माझी गोष्ट वेगळी. माझ्या भावना मला पाठ आहेत.

निमित्त असं की सुकन्या (माझी पत्नी, अंगणवाडी सेविका, शिक्षण बारावी आर्ट्स) नगरहून दहा दिवसांचं ट्रेनिंग करून परत आली. एका संस्थेने तालुक्यातल्या आठ बायका निवडल्या आहेत. ज्याला मन मोकळं करायचंय त्याने फोन करायचा, यांनी ऐकायचं. संस्थेने मोबाईल दिलाय. वेळ दुपारी दोन ते चार, घरून.

मिरजगावात मानसशास्त्रात एम.ए. झालेला माणूस एकच. त्याला कोणी विचारलं नाही. ही नोंद आहे, तक्रार नाही.

सुकन्याचं मोठ्या मनाने अभिनंदन केलं.

हेवा: शून्य (दहापैकी).

३ जुलै, गुरुवार

जेवताना सुकन्याला मेंदूची प्राथमिक ओळख करून दिली. भाकरीवर चटणीने आकृती काढली. ही अमिग्डाला, इथे भीती आणि राग पेटतो. हा पुढचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, हा लगाम. ती म्हणाली, “अहो, भाकर गार व्हतीय.” विषयात गती कमी.

दहा दिवस शिकवलं तरी काय, असं विचारलं. म्हणाली, “गप बसायला.”

दहा दिवस!

८ जुलै, मंगळवार

कानिफनाथ आले होते. कोपऱ्यावरचे किराणावाले. दिवाळीत त्यांची बायको गेली, तेव्हापासून गिऱ्हाइकांवर ओरडतात. मला पंधरा वर्षं ओळखतात. दारातच विचारलं, “मॅडम हायेत का?” मी म्हणालो, मी आहे की. तर म्हणाले, “न्हाई, मॅडमच पाहिजे व्हत्या.”

तासभर बसले. मी पाणी प्यायला तीनदा आत गेलो. तेवढ्यात निरीक्षण केलं: तासाभरात सुकन्या एकूण अकरा वाक्यं बोलली. त्यातली चार म्हणजे “मग?” शोकाच्या टप्प्यांचा उल्लेख नाही. एकाही संशोधकाचं नाव नाही.

कानिफनाथ डोळे पुसत बाहेर आले आणि माझा हात धरून म्हणाले, “सर, मॅडमचा हात लई गुणाचा हाय.” हाताचा यात संबंध काय?

नंतर सुकन्याला तिच्या पद्धतीतल्या त्रुटी सांगितल्या. ती म्हणाली, “त्यांना बोलायचं हुतं, बोलले.”

हेवा: शून्य. थोडा थकवा.

११ जुलै, शुक्रवार

बारावीला हेवा आणि मत्सर यातला फरक शिकवला. उत्तम झाला तास. हेव्याला दोन माणसं लागतात. एकाकडे काहीतरी आहे, दुसऱ्याकडे नाही. मत्सराला तीन लागतात. मी, माझं माणूस, आणि मध्ये येणारा तिसरा. मेंदूची चित्रं घेऊन केलेला प्रयोगही सांगितला. हेवा वाटतो तेव्हा मेंदूतला जो भाग जागा होतो, तो शरीराला लागल्यावर जागा होणाऱ्यांपैकीच एक. म्हणजे हेवा अक्षरशः दुखतो.

आरती नावाच्या मुलीने विचारलं, “सर, तुम्हाला कधी दुखलंय का?” मी सांगितलं, अभ्यासाने माणूस या गोष्टींच्या पलीकडे जातो. वर्ग हसला. कारण कळलं नाही.

घरी आलो तर ओट्यावर तीन बायका मॅडमची वाट बघत बसलेल्या. डोकं दुखायला लागलं. ऊन फार होतं.

१४ जुलै, सोमवार

स्पर्धा म्हणून नाही, समाजाची गरज म्हणून फाटकावर बोर्ड लावला. ‘भावना सल्ला केंद्र. प्रा. वैजनाथ, एम.ए. (मानसशास्त्र). वेळ ५ ते ७. शास्त्रीय पद्धत.’ ‘शास्त्रीय’ लाल रंगात.

सुकन्या म्हणाली, “छान दिसतोय.” तिच्या चेहऱ्यावर असुरक्षिततेची सूक्ष्म छटा होती. किंवा ऊन डोळ्यांवर आलं असेल.

१९ जुलै, शनिवार

पाच दिवसांत एकूण तीन माणसं. पहिल्याला मॅडमची वेळ हवी होती. दुसऱ्याला उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज लिहून हवा होता. तिसऱ्या शेजारच्या भागूबाई. वय सत्तर. म्हणाल्या, “सर, जीव घाबरा व्हतोय.”

अखेर! कॉलेजातून मेंदूचं मॉडेल आणलंच होतं. चाळीस मिनिटं समजावलं. शेवटी शेवटी भागूबाईंना झोप लागली. इतक्या कमी वेळात एवढी शिथिलता, हे यशच. जाग्या झाल्यावर “बरं वाटलं” म्हणाल्या आणि आत जाऊन सुकन्याला सगळं सांगत बसल्या. जीव घाबरा होण्याचं कारण नातवाचं लग्न मोडलं हे होतं. ते मला सांगायला त्यांना वेळच मिळाला नाही, असं त्या म्हणाल्याचं ऐकू आलं.

बोर्ड काढून ठेवला. रंग नीट बसला नव्हता.

२२ जुलै, मंगळवार

कल्पना सुचली. या फोनसेवेचा दर्जा कोणी तपासतं का? नाही. मग तज्ज्ञाने तपासायला नको?

दुसरं सिम घेतलं. नाव ठरवलं अमृत. गाव राहाता, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, म्हणजे ओळखीचा धोका नाही. धंदा पेरूची बाग. आवाज जाडा, फोनवर रुमाल. अडचण काल्पनिक: अमृतच्या एका मित्राला स्वतःच्या बायकोचा हेवा वाटतो. अशी अडचण निवडली कारण ती माझ्यापासून सर्वांत लांबची आहे.

फोन करण्याची जागा: कॉलेजच्या प्रयोगशाळेमागची सामानाची खोली.

२३ जुलै, बुधवार

दोन वाजून दहा मिनिटांनी फोन केला. सुकन्या म्हणाली, “बोला भाऊ, मी ऐकतेय.”

हा आवाज मी घरात ऐकलेला नाही. किंवा ऐकला असेल, आठवत नाही.

मला ओळखलं नाही! बावीस वर्षांचा संसार! निरीक्षणशक्ती किती कच्ची, हा पहिला शेरा.

मी मित्राची लक्षणं सांगितली. लोक बायकोचं कौतुक करायला लागले की तो बाहेर जाऊन स्कूटर पुसत बसतो. छातीत आवळल्यासारखं होतं. जेवणाला चव लागत नाही. ती म्हणाली, “मग?” मी अजून सांगितलं. पुन्हा “मग?” अजून सांगितलं. मध्येच कॉलेजची घंटा झाली. तिने विचारलं, “तिकडं शाळा हाय का जवळ?” मी तत्काळ म्हणालो, मार्केट यार्डाची घंटा आहे. हजरजबाबीपणाला तोड नाही.

अडतीस मिनिटं. अकरावीचा तास बुडाला.

संध्याकाळी सुकन्याने शेंगोळे केले होते. मला आवडतात म्हणून, म्हणाली. बुधवारी? योगायोग.

सेवेचा दर्जा: बरा. एका फोनवरून निष्कर्ष काढणं अशास्त्रीय. अजून करावे लागतील.

२८ जुलै, सोमवार

चौथा फोन. अमृत चांगला आकाराला येतोय. आज त्याने लहानपणीचं सांगितलं. मोठ्या भावाला बक्षीस मिळालं की वडील ते टांगायला भिंतीवर खिळा ठोकायचे आणि याच्याकडे बघून म्हणायचे, तुझ्यासाठी खिळा कवा आणू? हा प्रसंग माझाच आहे, पण नवीन रचत बसायला वेळ नव्हता.

मग सुकन्या म्हणाली, “अमृतभाऊ, मित्राला हे जे व्हतंय, त्याला एक नाव द्या बरं.”

ही तर माझी पद्धत! भावनेला नेमका शब्द दिला की अमिग्डाला निवते, हे मी वर्गात दरवर्षी सांगतो. प्रयत्न केला. म्हणालो, चिडचिड. “अजून?” म्हणालो, दगदग. “अजून?” म्हणालो, अॅसिडिटी.

ती हसली. खळखळून.

फोन ठेवल्यावर लक्षात आलं: ती अमृतबरोबर हसली. माझ्या कुठल्या बोलण्यावर अशी शेवटची कधी हसली होती? विचार केला. तारीख सापडली नाही.

३० जुलै, बुधवार

लक्षणं पुढीलप्रमाणे. सुकन्या काम करताना गुणगुणते. काल सुट्टी काढून घरी होतो, तेव्हा पाहिलं: पावणेदोनला केस विंचरून फोनपाशी बसली. फोनवर माणूस दिसत नाही, मग केस कशाला? दोन दहा झाले तशी दोनदा घड्याळाकडे बघितलं. फोन आला नाही. येणार कसा, मी तिच्यासमोर बसलो होतो. चेहरा उतरला असं मला वाटलं. माझ्याकडे बघून म्हणाली, “आज न्हाई वाटतं फोन.” माझ्याकडे बघून कशाला?

आज सहज विचारलं, हल्ली कुठून कुठून फोन येतात? “सांगायचं नसतं.” राहात्याकडून वगैरे? “अहो, सांगायचं नसतं.” आणि किंचित हसली.

काय आहे एवढं राहात्यात? पेरू.

शांतपणे, शास्त्रानुसार मोजणी केली. मी. सुकन्या. अमृत. तीन भरतात.

१ ऑगस्ट, शुक्रवार, दुपार

सहावा फोन. अमृतच्या तोंडून विचारलं: मॅडम, तुमचे मिस्टर कसे आहेत?

सहा सेकंद शांतता (मोजली). मग म्हणाली, “चांगले हायेत. लई शिकलेले. त्यांना वाटतं ते माझं ऐकतात.”

म्हणजे काय? ऐकतोच की. पण अमृतला वाद घालता येईना.

मग म्हणाली, “भाऊ, आमी आमचं काही सांगायचं नसतं, पन तुमाला म्हनून सांगते. संस्थेनं मला नगरला ट्रेनर म्हनून बोलावलंय. तीन म्हैने. सोमवारी जायचं, गुरुवारी यायचं. अजून घरी सांगितलं न्हाई.”

मी विचारलं, का? (आवाज फाटला. खोकून घेतलं.)

“ते मनापासून खूश व्हतील का खूश झाल्याचं दाखवतील, ते बघायची हिंमत व्हईना.”

त्याच दिवशी, संध्याकाळ

नऊ दिवस! नऊ दिवसांच्या ओळखीवर एका पेरूवाल्याला सांगते आणि नवऱ्याला नाही! आणि जाब तरी कसा विचारू? विचारला तर मला कसं कळलं हे सांगावं लागेल. नालायक माणूस मध्ये येऊन बसलाय. ‘तुमाला म्हनून’ म्हणे!

जेवण गेलं नाही. सुकन्याने विचारलं, “काय व्हतंय?” मी म्हणालो, अॅसिडिटी.

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग उठून ताक आणून दिलं.

मत्सर: मोजण्याची पट्टी तपासून घ्यायला हवी.

४ ऑगस्ट, सोमवार

संकल्प: अमृतला घालवणे. युक्ती: तो उद्धट वागेल, सुकन्याच्या मनातून उतरेल. मुद्दे कागदावर लिहून नेले.

फोन लागताच बोललो: मॅडम, तुमाला यातलं काय कळतं? बारावी आर्ट्स तुमी. मेंदू कशाशी खातात ते तरी म्हाईत हाय का?

ती म्हणाली, “व्हय, मला न्हाई कळत. पन मी बारावी आर्ट्स हे तुमाला कसं म्हाईत?”

आवाजावरून, असं म्हणालो. वेळ मारून नेली.

मला वाटलं आता रागावेल, फोन ठेवेल. तर हळूच म्हणाली, “कुनी तरी तुमालाच असं बोललेलं दिसतंय, भाऊ. मग?”

आणि गप्प बसली.

पुढची तीन-चार मिनिटं माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. रडणं म्हणता येणार नाही. खोलीत धूळ आहे. रुमाल फोनवर होता तो कामी आला. एवढ्यात प्रयोगशाळेतले सहादेव वजनकाटा न्यायला आत आले, मला बघून थबकले, पाणी आणून दिलं आणि म्हणाले, “सर, घरी समदं बरं हाय ना?” मी म्हणालो, संशोधन चाललंय.

फोन चालूच राहिला होता हे नंतर लक्षात आलं. खोली लहान आहे, पण सहादेव हळू बोलतात. तिला ऐकू गेलं नसावं.

६ ऑगस्ट, बुधवार

अमृत सुरतेला गेला. दुपारी फोन करून तसं कळवलं: पाहुण्यांच्या कारखान्यात काम मिळालंय, आता फोन जमणार नाही.

सुकन्याने विचारलं, “आन् तुमच्या मित्राचं?” तो बरा आहे, म्हणालो. “बायकोशी बोलला का तो?” नाही. “मग बरा न्हाई झाला.” शेवटी म्हणाली, “नीट जा. जेवत जा येळेवर.”

सिम काढून टाकलं. प्रश्न मिटला. तिसरा माणूस सुरतेत, राहिले दोन. हेवा शून्य, मत्सर शून्य. या अनुभवावर एक पुस्तक सहज होईल. तीनशे पानं. उद्यापासून रोज पाच.

८ ऑगस्ट, शुक्रवार

पुस्तकाचं अर्पणपत्रिकेचं पान झालं. कोणाला, ती जागा मोकळी ठेवलीय.

दोन वाजून दहा मिनिटांनी हात आपोआप फोनकडे जातो. सामानाच्या खोलीत जाऊन नुसताच बसलो. सहादेवांनी न विचारता पाणी आणलं.

घरी सुकन्या शांतपणे मेथी निवडत होती. एक माणूस तिच्यापाशी इतकं बोलला, रडला, सुरतेसारख्या ठिकाणी गेला, आणि हिला काही नाही? अमृतच्या वतीने मला फार वाईट वाटलं.

११ ऑगस्ट, सोमवार

सुकन्या भागूबाईंना दवाखान्यात घेऊन गेली होती. संस्थेची फोनची वही खाटेवर राहिली. त्यावर ‘गोपनीय’ लिहिलंय. मी वाचणार नव्हतो. पंख्याने पानं उलटली. पंखा दोनवर होता, मी पाचवर केला, पण ते उकाड्यामुळे.

२३ जुलै. नाव: अमृत. गाव: राहाता. अडचण: मित्राला बायकोचा हेवा. शेवटचा रकाना शेऱ्याचा. त्यात तिच्या बारीक अक्षरात एकच शब्द.

‘घरचेच.’

पुढची पानं बघितली. ‘घरचेच. वडिलांचं सांगितलं. मला हे आजवर माहीत नव्हतं.’ १ ऑगस्ट: ‘घरचेच. नगरचं सांगून टाकलं. समोर सांगता येईना.’ ४ ऑगस्ट: ‘घरचेच. रडले. सहादेवभाऊंनी पाणी दिलं.’ ६ ऑगस्ट: ‘सुरतेला गेले म्हणे. घरी जेवायला होते.’

वही होती तशी ठेवली. पंखा दोनवर केला.

माझं यावर सध्या काही मत नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार

जेवताना सुकन्याने स्वतःच सांगितलं. नगर, ट्रेनर, तीन महिने, येत्या सोमवारपासून. सांगून हात थांबवून बसली.

किती तरी बोलता आलं असतं. वीस वर्षांत या विषयावर किमान सहाशे तास घेतले असतील. छान, म्हणालो. ती अजून थांबली होती. मी विचारलं, तिथे राहायची सोय काय? म्हणाली, “हॉस्टेल हाय.” मी म्हणालो, छान.

दोनदा छान. तिने ताटं उचलली.

संकल्प: सोमवारी स्टँडवर सविस्तर बोलणे. मुद्दे: (१) अभिनंदन, (२) घडलेल्या प्रकाराचं मानसशास्त्रीय स्पष्टीकरण, (३) क्षमा. सात मिनिटं. पाठ करणे.

१७ ऑगस्ट, रविवार

पाठ झालं. न्हाणीघरात दोनदा म्हणून बघितलं. सुकन्याने बाहेरून विचारलं, “कुनाशी बोलताय?” नळ सोडला.

१८ ऑगस्ट, सोमवार

साडेआठची नगर गाडी. आठलाच स्टँडवर पोहोचलो. बॅग मी धरली. म्हटलं अर्धा तास आहे. पहिली दहा मिनिटं सुरुवात कुठून करावी यात गेली. पुढची दहा तिला कानिफनाथ भेटले त्यात गेली. ते तिला सोडायला दुकान बंद करून आले होते. उरलेली दहा गाडीने खाल्ली, कारण ती वेळेआधी आली. मिरजगावच्या इतिहासात हे प्रथमच घडलं असावं.

सुकन्या चढली. खिडकीपाशी जागा मिळाली. मी खाली उभा. इंजिन सुरू. तीन मुद्द्यांपैकी एकही आठवेना. सात मिनिटांमधलं एक वाक्यही नाही. तोंडातून निघालं ते पाठ केलेल्यात नव्हतंच.

म्हणालो, मला तुझा हेवा वाटतो.

ती म्हणाली, “काय?”

मोठ्याने म्हणालो, हेवा वाटतो मला! तुझा!

तिने कानाला हात लावला. “काय म्हणताय? गाडीचा आवाज हाय.”

मग ओरडलो. पुरेपूर ओरडलो. खाली केळीवाल्याने मागे वळून बघितलं. कंडक्टरबाई दारातून खिडकीकडे वाकल्या आणि म्हणाल्या, “ओ मॅडम, साहेबांना तुमचा हेवा वाटतोय म्हनत्यात. व्हय, कवाचे वरडायलेत. सोडू का आता गाडी?”

आख्ख्या गाडीने माझ्याकडे बघितलं. पलीकडच्या खिडकीतले लोक उठून या बाजूला आले.

सुकन्याने खिडकीतून हात बाहेर काढला आणि माझ्या शर्टाची कॉलर सरळ केली. तिचे डोळे भरले होते आणि ती हसतही होती. हे दोन्ही एकाच वेळी कसं होतं याबद्दल मी वर्गात काय सांगतो ते आठवलं नाही.

म्हणाली, “मला पहिल्यांदाच ऐकू आलं हुतं.”

घंटी वाजली. गाडी गेली.

मी तिथेच उभा होतो. किती वेळ ते मोजलं नाही. बाकावर एक म्हातारेबुवा बसले होते, त्यांनी गाठोडं उचलून मांडीवर घेतलं आणि थोडे सरकले. म्हणाले, “बसा सर. व्हतं आसं.”

बसलो.